मागच्या सीटवरची मंडळी

पहिलं सांगते ते मोटारीचं, कारण तिकडे अमेरिकेत रेडमंडला तुम्ही नि मुलं एका जागी सापडता ते मोटारीतच. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या गोष्टी मुलांशी कधी बोलायच्या ते सांगितलंय. घरात, वाटेवर, झोपायच्या आधी, उठल्यावर. म्हणजे चर्चमधला तास सोडून उरलेला सगळा दिवस. तुझी वाट म्हणजे पाचशेवीस नंबरचा हायवे. तिथं कुणी खसकन मध्ये गाडी घातली की तुझ्या तोंडून काय निघतं, ते मागे बसलेली दोघं टिपून घेतात. सकाळीच शब्बाथ शाळेत त्यांनी शेजाऱ्यावर प्रीती करायचा धडा गिरवलेला असतो. तेव्हा "घाई असेल बापड्याला" एवढं मोठ्यानं म्हणायचं आणि उरलेलं गिळायचं. गिळायला जड जातं, मला ठाऊक आहे.

चर्चहून परतताना पाळकसाहेबांच्या प्रवचनाचं पोस्टमॉर्टेमही गाडीत नको. लांबलं तर लांबलं. अमकीचा ड्रेस, तमक्याची नवी टेस्ला हे विषय रात्री मुलं झोपल्यावर काढा, तेही काढायचेच असतील तर.

कौटुंबिक प्रार्थनेला आमची वेळ लावू नकोस. नगरला आम्ही दिवेलागणीला सतरंजी टाकून बसायचो. डिसेंबरात तुमच्याकडे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा तू ऑफिसात असतेस, आणि रात्री नऊला जावयांची हैदराबादच्या टीमशी मीटिंग. मग जेवणाच्या ताटावर बसा. तीन मिनिटं पुरतात. उपासना संगीतातलं एखादं कडवं, प्रत्येकानं एक वाक्य, आमेन. वरणभात गरम असतानाच आमेन झालं पाहिजे. मुलगा इंग्रजीत प्रार्थना करतो तर करू दे. देवाला चालतं, मध्येच त्याचं मराठी दुरुस्त करणारी तू कोण? फोन मात्र दुसऱ्या खोलीत. ताटाशेजारी उलटा घालून ठेवला की मुलांचं लक्ष त्याच्यावरच राहतं, आणि तुझंही. पाहुणे आले म्हणून प्रार्थना लांबवायची नाही, आणि पाहुणे आले म्हणून टाळायचीही नाही. मुलं नेमकं हेच मोजतात.

दानाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथं तुमच्या पिढीचा धागा तुटलाय. आम्हाला आई रविवारी निघताना हातात नाणं द्यायची. ते मुठीत घामेजायचं, वाटेत पेरूवाली दिसली की मन चळायचं, आणि शेवटी दानाच्या थाळीत ते खणकन पडायचं. तुमचा दशांश महिन्याच्या एक तारखेला खात्यातून आपोआप जातो. सोय उत्तम आहे, बंद करू नकोस. पण मुलांच्या लेखी आईबाप देवाला काही देतच नाहीत. त्यांना रोकड नोटा दे, आणि त्यांच्या स्वतःच्या खाऊच्या पैशातून काय टाकायचं ते त्यांनाच ठरवू दे. कमी टाकलं तर बोलू नकोस. रेडमंडला होपलिंकची फूड बँक आहे. शाळेतून तिथल्यासाठी धान्य मागवतात तेव्हा कपाटात मागे पडलेले, तारीख उलटायला आलेले डबे शोधू नकोस. मुलीला दुकानात घेऊन जा आणि आपण घरी खातो तोच तांदूळ, तीच डाळ घे. "मम्मी, हा महागाचा आहे" असं ती म्हणेलच. "आपण हाच खातो ना?" एवढंच उत्तर दे नि गाडी पुढे ढकल.

रविवारी फुटबॉल आला की तुमची तारांबळ. सिक्स्टी एकर्सच्या मैदानावर मॅच, चर्च त्याच वेळी. यावर मी नियम घालून देणार नाही. वर्षातली एखादी फायनल खेळला म्हणून पोरगा नास्तिक होत नाही. पण ठरवायचं ते सीझन सुरू व्हायच्या आधी, आणि कोचला सांगायचं ते मुलासमोर, खरं कारण. "आज त्याचं पोट दुखतंय" असला मेसेज पाठवून चर्चला नेलंस, तर देवासाठी खोटं बोललेलं चालतं हा धडा मिळाला. त्यापेक्षा मॅच बरी.

मराठी मंडळात कुणी आडनाव ऐकून क्षणभर गप्प होतं आणि मग विचारतं, "म्हणजे तुम्ही मूळचे...?" अमेरिकन चर्चमध्ये कुणी प्रेमानं विचारतं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? दोन्हीकडे मुलं तुझा पदर नाही तर जॅकेट धरून उभी असतात. चिडू नकोस, ओशाळूही नकोस. सरळ सांग की आम्ही नगरचे, घर पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती आणि घरची भाषा मराठी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, तिथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. रेडमंडला नगरपालिका मिळाली १९१२ साली. हे मुलांकडून पाठ करून घे. भांडायला नव्हे, ताठ उभं राहायला.

शेजारच्या जोशांकडे गणपतीला बोलावलं तर जा. आरतीला ताम्हण हातात धरायचं की नाही हे तू नि जावयांनी आधीच ठरवा आणि तसं वागा, पण मोदक खाऊन घरी आल्यावर त्यांच्या देवाची थट्टा माझ्या नातवंडांच्या कानावर पडता कामा नये. आपल्या नाताळात त्याच घरी करंज्या-चिवड्याचं ताट मुलांच्या हातानं जाऊ दे. पहिलं ताट मात्र दर पंधरा दिवसांनी घर साफ करायला येणाऱ्या बाईंना. त्यांचं नाव मुलांना माहीत आहे का, ते आधी बघ.

आता आपल्या कवी टिळकांच्या घरचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधल्या वर्षांत आधी ताटातूट झाली. मग त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच नगरला येऊन राहिल्या, आणि ते सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं. त्यांचा लहानगा दत्तू हे सगळं बघत होता. आपल्याकडे टिळकांचे अभंग मुलांकडून घोकून घेतात, पण मी म्हणेन लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तू स्वतः वाच आणि रात्री त्यातले प्रसंग सांग. रागीट, विसरभोळे, संसाराचे पैसे भलत्यालाच देऊन येणारे टिळक आणि त्यांना तोडीस तोड उत्तर देणाऱ्या लक्ष्मीबाई. घरात कायम कुणाचं तरी मूल वाढायला. दत्तूला संत आईबाप मिळाले नव्हते, हे असे मिळाले होते. तरी पुढे त्याच मुलानं आईच्या मागे लागून तिला लिहितं केलं. म्हणून भांडण मुलांसमोर झालं तर समेटही त्यांच्यासमोरच होऊ दे. तुम्ही लोक भांडता हॉलमध्ये आणि माफी मागता बेडरूमचं दार लावून. मुलांच्या हिशेबात ते भांडण मिटतच नाही. मुलावर उगीच ओरडलीस तर त्याची माफी त्याच्याकडेच माग, आणि "पण तूसुद्धा..." हे शेपूट न लावता.

थोरली आता चौदाची होईल. एखाद्या रविवारी ती अंथरुणातून म्हणेल, "मला नाही यायचं, मला हे सगळं पटत नाही." घाबरून पाळकांना फोन लावू नकोस. काय पटत नाही ते विचार, ऐक, उत्तर नसेल तर नाही म्हण, आणि तू स्वतः तयार होऊन वेळेवर नीघ. मलाही फोन लावून "आई, तू समजाव गं तिला" म्हणू नकोस. पौलानं तीमथ्याला लिहिताना आजी लोईसचं नाव आई युनीकेच्या आधी घेतलंय हे खरं, पण त्या आजीच्या तोंडी त्यानं एकही वाक्य घातलेलं नाही. तुमच्याकडे रात्रीचे दहा म्हणजे माझी सकाळ, मी रिकामीच असते. फोन दे तिच्याकडे. मी तिला परीक्षा कधी आहे आणि आज काय जेवलीस एवढंच विचारीन.