एस.एफ.पी. मॉड्यूल : माप आणि मोल

आमच्या बमरोलीत यंत्रमागाला दुसऱ्या कारखान्याचा सुटा भागही चालतो. अट एकच, माप जुळले पाहिजे. राउटरमधील एस.एफ.पी. मॉड्यूलचेही तसेच आहे. प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत व उलट रूपांतर करणारा हा बोटाएवढा भाग. त्याचे समान माप २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे स्पर्धा वाढली व पर्यायी मॉड्यूल स्वस्तात मिळू लागले. तथापि काही राउटर मॉड्यूलच्या स्मृतीत नोंदलेले उत्पादकाचे नाव वाचून परका भाग नाकारतात. शिवाय जीपॉन जोडणीला जीपॉनचेच मॉड्यूल लागते. साधे मॉड्यूल सेकंदाला १ गिगाबिट, तर एस.एफ.पी. प्लस १० गिगाबिट वाहून नेते. पण जोडणीच १०० मेगाबिटची असेल, तर मॉड्यूल बदलून वेग वाढत नाही. म्हणून मी हिशेब असा मांडतो : आधी जोडणी पाहावी, मग राउटर, शेवटी किंमत.