मागणं आणि आणून देणं

अलिबागजवळच्या किहीमला सुरूच्या बनाअलीकडे आमचं घर आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून इथे आलो आणि इथलाच झालो. त्याच सुमारास आम्ही चौघांनी पक्षी ओळखायचं मराठी अ‍ॅप करायला घेतलं. चित्रं, आवाज, माहिती प्रोग्रॅमला हवी तेव्हा आणून देणारा भाग, म्हणजे रिसोर्स लोडर, माझ्याकडे आला. पंधरा दिवसांचं काम वाटलं होतं. त्यातून जे कळत गेलं, ते असं.

१. मागणाऱ्याला वस्तूचा ठावठिकाणा सांगावा लागत असेल, तर रचना माझी चुकली आहे. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक हाकेला फोल्डर, फाइलचं नाव, प्रकार, सगळं द्यावं लागे. एकदा चित्रांचा फोल्डर हलवला आणि अ‍ॅपभर दुरुस्त्या करत बसलो. त्या संध्याकाळी वाण्याच्या दुकानात ‘अर्धा किलो पोहे’ म्हटलं, आणि मागच्या खोलीतल्या कुठल्या पोत्यातून ते आले हे मला कधीच विचारावं लागलेलं नाही, हे लक्षात आलं. आता ‘सुगरण, आवाज’ एवढंच मागायचं. तो आवाज फोनमध्ये आहे की सर्व्हरवर, हे लोडरने बघायचं.

२. ‘नाही’ म्हणायलाही रीत लागते. जावामध्ये क्लासलोडरकडे मागितलेली फाइल सापडली नाही, तर तो मुकाट्याने ‘नल’, म्हणजे रिकामं उत्तर, परत करतो. त्याच जावात भाषांतरांचा रिसोर्स बंडल सापडला नाही, तर एक्सेप्शन येतं. मी पहिली वाट धरली, कारण ती सोपी होती. ते रिकामं उत्तर हातोहात पुढे जाई आणि तीन स्क्रीन पलीकडे अ‍ॅप बंद पडे. मूळ शोधता शोधता रात्र सरे. त्याहून मला लागलं ते वेगळंच. मराठी मजकूर नसला तर लोडर गुपचूप इंग्रजी देई. आईने अ‍ॅप उघडलं आणि विचारलं, “अरे, मराठीत आहे म्हणाला होतास ना?” तिच्या हातातून फोन घेताना माझ्याकडे उत्तर नव्हतं. बदली वस्तू द्यायला हरकत नाही, पण ती बदली आहे हे सांगायला हवं. काय मागितलं, कुठे कुठे शोधलं, शेवटी काय दिलं, हे लोडर आता बोलून दाखवतो.

३. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ‘येतंय’ असतं, आणि त्याला मुदत हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड आडवे झाले, वीज गेली, फोनची रेंज गेली. गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून जेमतेम चालू लागलेलं आमचं अ‍ॅप उघडलं, तर मधोमध गोल चक्र फिरत राहिलं. कितीही वेळ. मुंबईच्या वायफायच्या सवयीने मी धरूनच चाललो होतो की सर्व्हर कधीतरी बोलणारच. मग मुदत घातली, मागणी रद्द करायची सोय केली आणि प्रत्येक पक्ष्याचं एक लहानसं चित्र अ‍ॅपबरोबरच बांधून दिलं.

४. आपलीच लिपी आपल्याला पुरती ठाऊक नसते. ‘किनाऱ्यावरचे पक्षी’ नावाचा फोल्डर एका मित्राच्या संगणकावरून आला आणि लोडरला काही केल्या सापडेना. समोर तर दिसत होता! फोल्डरवरचं आणि कोडमधलं, अशी दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर ताडलं. डोळ्यांना तसूभर फरक नाही. शेवटी आतले आकडे काढले. घोळ ‘ऱ’चा होता. युनिकोडमध्ये त्याला ०९३१ हा स्वतःचा क्रमांक आहे, पण तेच अक्षर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं. काही फाइलप्रणाली नाव साठवताना ते असं फोडतात. आपण दोन्ही एकच वाचतो, यंत्र दोन मानतं. आता तुलना करण्याआधी लोडर दोन्ही नावं एका रूपात आणतो. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्या लिहिणाऱ्या भाषेसाठी ही सोय पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती.

५. उघडलेलं कोणी मिटायचं, हे आधीच ठरवावं. आम्ही ठरवलं नव्हतं. आवाजाच्या फाइली उघड्या राहत गेल्या आणि काही वेळाने फोन नवी उघडू देईना.

६. पूर्ण बांधून मग दाखवू नये. हे मला सुगरणीने शिकवलं. खरं तर तिच्या नराने, कारण खोपा तो विणतो. १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली याच किहीमला राहत होते आणि इथल्या सुगरणींचं त्यांनी बारकाईने निरीक्षण केलं. नर घरटं अर्धं विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारखतात. एखादीला पसंत पडलं, तरच तो खालची नळी विणून ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. नापसंत खोपे तसेच लोंबत राहतात. आता मीही लोडर लिहिण्याआधी तो वापरणाऱ्याच्या पाच ओळी लिहितो, आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सहकारिणीला देतो आणि गप्प बसतो. परवा ती तिसऱ्या ओळीवर थबकली. “दादा, पक्ष्याचं नाव वर दिलंय, मग इथे परत कशाला?” मला उत्तर सुचेना. तेवढा भाग उसवला. खालची नळी अजून विणायची होती.