वारली चित्रकार आणि यंत्राची रेघ

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली चित्रकला मुळात बाजारासाठी नव्हे, तर लग्नघरासाठी जन्मली. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत. मध्यभागी पालघट देवी असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी येथील आदिवासींच्या हाती कागद दिला आणि या कलेला व्यवसायाचे रूप येऊ लागले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली ‘पद्मश्री’ लाभली.

या व्यवसायापुढे आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न उभा आहे. चित्रे काढणारी ही संगणकीय प्रणाली असंख्य चित्रांतून आकारांची ठेवण शिकते आणि दोन ओळींची सूचना मिळताच तशीच नवी आकृती सादर करते. वारली चित्र तर वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा एवढ्यावरच उभे. तेव्हा त्याचे बाह्यरूप उचलणे यंत्रास विशेष सोपे जाते.

मोठी चित्रे संग्राहक चित्रकाराचे नाव पाहून घेतात. त्यांना तूर्त फारशी झळ पोचू नये. खरा धोका लहान कामांना आहे. शुभेच्छापत्र, पिशवी, दिनदर्शिका, उपाहारगृहाची भिंत अशा कामांवरच नवशिक्याचा हात बसतो आणि भातकापणीनंतरच्या महिन्यांत चार पैसे गाठीला लागतात. हीच कामे गेली, तर उद्याचा चित्रकार घडावयाचा कोठे?

१९९९ च्या कायद्यान्वये वारली चित्रास भौगोलिक मानांकन लाभले आहे. ‘वारली’ हे नाव लावून कोणी यंत्राची नक्षी विकली, तर त्याविरुद्ध दाद मागता येते. परंतु मानांकन नावाचे आणि उगमाचे रक्षण करते, शैलीचे नव्हे. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदाही एखाद्या चित्रापुरता. त्रिकोणी माणसे काढण्याच्या रीतीस तो लागू होत नाही. तेव्हा चित्र कोणी काढले, ही विचारणा खरेदी करणाऱ्यानेच करावयास हवी, आणि खरेदीदारांत शासकीय कचेऱ्याही आल्या.

हे लिहिण्यास कारण आहे. एका समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी प्रस्तुत लेखकानेच अशी यंत्रनिर्मित नक्षी पसंत केली होती. तारपानृत्याचे रिंगण मोठे सुबक दिसत होते. पत्रिका वाटून झाल्यावर तलासरीकडील एका शिक्षकांनी शांतपणे विचारले, “साहेब, या सगळ्यांनी तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ का केली आहे? आमच्याकडे असे कोणी नाचत नाही.”