मृत पक्षी हाताळताना हातमोजे घालण्याची व काढण्याची योग्य पद्धत

नोव्हेंबर २०१९ मध्ये जयपूरनजीकच्या सांभर या खाऱ्या पाण्याच्या सरोवराकाठी हजारो स्थलांतरित पक्षी मरून पडले. मृतांचा आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला. कर्मचारी व स्वयंसेवक चिखलातून शव गोळा करू लागले, त्या वेळी मृत्यूचे कारण निश्चित झालेले नव्हते. बर्ड फ्लूची शंका भोपाळ येथील तपासणीत निरस्त झाली आणि पुढे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्थेने बॉट्युलिझम या विषबाधेचे निदान केले. या रोगात मृत पक्ष्याच्या शरीरावर वाढणाऱ्या अळ्यांमध्ये विष साठते, त्या अळ्या खाणारे निरोगी पक्षीही मरतात आणि साखळी लांबत जाते. शव त्वरेने उचलणे हाच ती तोडण्याचा मार्ग असल्याने कोणाला तरी शवास हात लावावाच लागतो.

जानेवारी २०२१ मध्ये त्याच जयपुरात जलमहाल परिसरात कावळे मृत आढळले, तेव्हा मात्र कारण बर्ड फ्लूच निघाले. त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मेल्या. नवापूरने तर हे संकट २००६ मध्येच अनुभवले होते. मेलेला पक्षी कशाने मेला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून निदान येईपर्यंत प्रत्येक शव संसर्गजन्य मानूनच हाताळावे. मोठ्या संख्येने मरतूक झाल्यास प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व सूचना मिळेपर्यंत शवास स्पर्श करू नये. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशी माहिती देणे पशुपालकाचे कर्तव्यही आहे.

या कामासाठी एकदाच वापरावयाचे नायट्राइलचे हातमोजे सोयीचे. लॅटेक्सचे मोजे काहींना अंगावर खाज आणतात, आणि तेलकट मलम लावलेल्या हातावर ते लवकर खराब होतात. मोजे घालण्यापूर्वी अंगठी, कडे व घड्याळ काढावे, नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. ओल्या हातावर मोजा ओढताना फाटतो. प्रत्येक मोजा उजेडात धरून भोक नाही ना हे पाहावे. तोंडाने फुंकून तपासण्याची सवय टाळावी. संरक्षक पोशाख आधी व मोजे नंतर घालावेत. मोज्याची कड बाहीच्या वर चढवावी, म्हणजे मनगट उघडे राहत नाही. पक्ष्याची चोच व नख्या टोचण्याचा संभव असल्याने दोन मोजे घालणे हितावह. आतील मोजा बाहीच्या खाली, बाहेरील वर. काम चालू असता मोजा फाटल्यास तो काढून हात धुवावेत व नवी जोडी घालावी. सॅनिटायझर लावून तोच मोजा पुन्हा वापरू नये.

खरी चूक होते ती मोजे काढताना. काम संपले की माणूस घाईत असतो, घामाने मोजा चिकटलेला असतो, आणि बोटाच्या टोकाला धरून तो खेचला जातो. दूषित बाजू तेव्हा मनगटावरून घासत जाते. योग्य रीत अशी. उजव्या हाताच्या मोजा घातलेल्या बोटांनी डाव्या मोज्याची मनगटाजवळची बाहेरील बाजू चिमटीत धरावी, त्वचेला स्पर्श होऊ न देता. मोजा बोटांकडे ओढत उलटा करीत काढावा व उजव्या मुठीत गोळा करून धरावा. आता डावा हात उघडा आहे. त्याची बोटे उजव्या मोज्याच्या कडेखालून आत, त्वचेलगत सरकवावीत आणि बाहेरील बाजूस न शिवता तोही उलटा करीत काढावा. पहिला मोजा दुसऱ्याच्या पोटात बंद होतो व दूषित बाजू आत राहते. ही गुंडाळी हवेत न झटकता पिशवीत टाकावी आणि साबण लावून हात धुवावेत. मोजे निघण्यापूर्वी चष्मा वा मुखपट्टीस हात लावू नये. मुखपट्टी सर्वांत शेवटी, हात पुन्हा स्वच्छ करून काढावी.

मोबाइलचा प्रश्न वेगळाच. छायाचित्र काढून डॉक्टरांना पाठविण्याची निकड असते, आणि तोच फोन नंतर कानाला लागतो. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा किंवा छायाचित्रणाचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील प्रशिक्षणात एक सोपा प्रयोग करून घ्यावा. मोजे घातलेल्या हातांवर ओल्या हळदीचा लेप द्यावा आणि प्रत्येकाला मोजे काढण्यास सांगावे. मनगटावर वा बोटांवर जेथे पिवळा डाग राहील तेथे चूक झाली. व्याख्यानापेक्षा हा डाग अधिक शिकवतो.

हेच पातळ मोजे कीटकनाशकासाठी पुरेसे समजू नयेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते स्मरण अजून ताजे आहे. तीव्र औषध मोजण्या-मिसळण्यासाठी जाड, कोपरापर्यंत पोहोचणारे, रसायनरोधक मोजे लागतात. ते हातात असतानाच बाहेरून साबणपाण्याने धुऊन मग काढावेत आणि घरातील वस्तूंपासून दूर वाळत घालावेत.

वापरलेले मोजे शवांसोबतच दुहेरी पिशवीत बांधून पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. उकिरड्यावर टाकलेला मोजा कुत्री व कावळे ओढून नेतात.