स्त्रीधन आणि पतीची मर्यादा

पतिव्रताधर्माची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. पतीच्या धर्माची त्या मानाने थोडी. वास्तविक मध्ययुगीन धर्मशास्त्रकारांनी दोघांसही बंधने घातली होती.

चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) याच्या कल्याणी राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचिली. स्त्रीने पतीच्या वचनात राहावे, असे ती स्मृती सांगते. परंतु तीच स्मृती पतीचा हातही आवरते. विवाहाग्नीसमोर मिळालेले आणि माता, पिता, पती व भ्राता यांनी दिलेले धन पत्नीचेच होय. दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने ते घेतल्यास परत करण्याचे त्यावर बंधन नाही. एरवी घेतले तर परत केलेच पाहिजे. विज्ञानेश्वर याहून पुढे गेला. ‘स्त्रीधन’ शब्दाचा सरळ यौगिक अर्थ घेऊन वारसा, खरेदी व वाटणी यांतून आलेले धनही त्याने त्यात घातले.

येथे शंका येईल की, जी पतीच्या आज्ञेत आहे तिला निराळे धन कशास? उत्तर असे की, जेथे आज्ञा करण्याचा अधिकार आहे तेथेच लोभास वाट सापडते. आणि लोभास भगवंतांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाचे द्वार म्हटले आहे.

म्हणून पत्नीचे दागिने गहाण टाकण्यास निघालेल्या गृहस्थाने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे: त्या चारांपैकी माझा प्रसंग कोणता?