उधन्याहून डांग : एका दिवसाला खर्च किती?

डांगच्या सहलीत पैसा खाते ती गाडी. धबधब्याजवळचं पार्किंग, बागेचं तिकीट, जेवण, चहा, भाजलेला मका हे सगळं धरून माणशी तीनशेच्या पुढे सहसा जात नाही. तरी सुरतेत उधना, लिंबायत-डिंडोलीपासून पांडेसऱ्यापर्यंत पावसाळी सहलीचा बेत ठरू लागला की चर्चा रंगते ती सापुताऱ्याच्या बोटिंगला किती आणि रोपवेला किती याचीच. गाडीवाल्याला मात्र कोणीतरी फोनवर ‘चल, ठरलं’ म्हणून मोकळं होतं.

तेव्हा आधी अंतर बघू. उधन्याहून नवसारी, चिखली, वांसदा या रस्त्याने वघई साधारण 110 किलोमीटर. तिथून सापुतारा आणखी 50 आणि वघईहून आहवा 32. सापुतारा आणि आहवा दोन्ही करून वघईमार्गेच परत आलात तर काटा साडेतीनशेला टेकतो. सापुतारा वगळून वघई, आहवा, महाल, भेंसकातरी, व्यारा, बारडोली असा फेरा मारला तर तीनशेच्या आत उधन्यात परत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भाड्याच्या गाडीला बाहेरगावी दिवसाला किमान 300 किलोमीटरचे पैसे लावायची पद्धत आहे. तुम्ही 280 फिरा नाहीतर 300, बिल तेच. अर्टिगासारख्या गाडीचा दर किलोमीटरला 14 रुपये धरला (घासाघीस आणि हंगाम बघून 13 ते 15) तर फेऱ्याचे 4,200, चालकाचा भत्ता 400, टोल आणि पार्किंगचे 300. झाले 4,900. चालक सोडून सहा जण बसले की माणशी सव्वाआठशेच्या आत. सापुतारा धरला तर साडेतीनशे किलोमीटरचे 4,900 आणि वरचे 700, म्हणजे 5,600. माणशी साडेनऊशेच्या आत. फरक वरवर सव्वाशेचा दिसतो, पण सापुताऱ्यात पोचल्यावर बोट, रोपवे, घोडा, मुलांचा हट्ट यांत माणशी दोन-तीनशे सहज जातात, आणि वेळ जातो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सापुतारा जरूर बघावा. गुजरातला थंड हवेचं ठिकाण तेवढं एकच, उंची साधारण हजार मीटर. तळं, बाग, सूर्यास्ताचा कडा, सगळं आहे. पण ज्यांचं एकदा झालं आहे त्यांनी रविवारच्या गर्दीत पुन्हा त्याच तळ्याभोवती गाडी लावायला जागा शोधत फिरू नये. डांगची खरी मजा वघई ते आहवा आणि आहवा ते महाल या रस्त्यांवर आहे. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्येच पूर्णा नदी, वळणावर एखादं कुडाचं घर. या रस्त्याला तिकीट नाही.

एक मात्र समजून घ्या. हे जंगल सदाहरित नाही, पानझडी आहे. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून जुलै ते ऑक्टोबरात ते हिरवंगार असतं. एप्रिल-मेमध्ये सागाला पान नसतं आणि धबधब्याच्या जागी काळा खडक असतो. मुलांच्या सुट्ट्या मेमध्ये म्हणून सहलही मेमध्ये काढली, तर गाडीचं भाडं तेवढंच पडेल आणि बघायला धूळ मिळेल. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले: पाणी असतं, धुकं निवळलेलं असतं, गर्दी ओसरलेली असते.

स्वतःची गाडी असेल तर गणित सोपं. पेट्रोल लिटरला 95 आणि गाडी घाटात-सपाटीवर मिळून 15 देते असं धरा. साडेतीनशे किलोमीटरला सव्वादोन हजार, छोट्या फेऱ्याला पावणेदोन हजार. टोल आणि पार्किंगचे तीनशे. चौघांत माणशी पाचशे ते साडेसहाशे. ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींना वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल तोवर, असा फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरुवातीची किंमत 3,000 रुपये). नंदुरबार-धुळ्याकडे गाडीने सारखं जाणं-येणं असेल त्यांनी तो घेतलेला बरा, निव्वळ डांगसाठी घ्यायची गरज नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला तो चालत नाही. सीएनजीवाल्यांनी महामार्ग सोडण्याआधी टाकी भरावी, पुढे जंगलात पंपाच्या भरवशावर राहू नये.

भाड्याची गाडी ठरवताना चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. किलोमीटर कुठून मोजणार? गाडीवाला गॅरेज ते गॅरेज मोजतो आणि गॅरेज अडाजण किंवा कामरेजला असलं, तर तिथून तुमच्या दारापर्यंतचं येणं-जाणंही तुमच्याच बिलात. दिवस किती वाजता संपतो? रात्री बारा वाजून गेले की दुसरा दिवस लावणारे आहेत. घाटात एसी चालू राहणार की नाही? जीएसटी दरात धरला आहे की वर? निघताना आणि उतरताना काट्याचा फोटो चालकासमोर काढा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, नेहमीचे चालक स्वतःच काढायला सांगतात. भांडण झालंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी किलोमीटरमागे दोन रुपये स्वस्त पडते, पण ती भाड्याने चालवायची परवानगी नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

गल्लीत पाटी लावून सीटप्रमाणे जाणाऱ्या बसचा मोह मोठा असतो. त्यात काही वाईट नाही, पण परमिट आणि परतीची वेळ विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. जुलै 2024 मध्ये सुरतहून सहलीला गेलेली अशीच एक खासगी बस सापुताऱ्याच्या घाटात दरीत गेली आणि दोन मुलं दगावली. पावसात घाट अंधार पडायच्या आत उतरायचा, हे बसला लागू आणि तुमच्या गाडीलाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे एसटी. सुरतहून सापुताऱ्याला एकेरी दीडशे ते दोनशे धरा. वेळ चार तास किंवा जास्त, आणि वाटेतले धबधबे खिडकीतून. महाराष्ट्राच्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते. नवापूरकडून येणाऱ्या बहिणींना हे ठाऊक आहे, पण सहलीच्या हिशेबात अजूनही कोणीतरी अर्धं तिकीट धरतंच.

आणि मग बिलीमोरा-वघईची छोटी गाडी. गायकवाड सरकारने डांगचं सागवान उतरवायला 1913 च्या सुमारास घातलेली ही 63 किलोमीटरची अरुंद रेल्वे कोरोनात बंद पडली होती, ती सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा धावू लागली. मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबाही तिला जोडला. साध्या डब्याचं तिकीट किरकोळ, काचेच्या डब्याचं त्याच्या कित्येक पट. मी साधाच डबा घेईन: खिडकी उघडी असते, आणि तीन तासांत 63 किलोमीटर जाणाऱ्या गाडीत एसीपेक्षा वारा बरा. उधन्याहून बिलीमोऱ्यापर्यंत मेमूने पंधरा-वीस रुपयांत जाता येतं. अडचण एकच. ही गाडी दुपारी वघईला पोचते आणि तास-सव्वा तासात परत फिरते. तेवढ्या वेळात धड जेवणही होत नाही. म्हणून जाताना रेल्वे, वघईला रिक्षा करून तीन-चार किलोमीटरवरचा गिरा धबधबा आणि वनस्पती उद्यान, आणि संध्याकाळी एसटीने परत. माणशी पाचशेत जेवणासकट दिवस होतो. पावसाने मार्ग बंद पडण्याचे प्रकार होतात. आदल्या दिवशी 139 वर विचारा. डांगमध्ये रूळ वघईलाच संपतात, आणि वरचा 50 किलोमीटरचा घाटच खिशाला लागतो.

गिऱ्याला पाणी भरपूर असलं तर ते लांबूनच बघायचं. खाली उतरायला मनाई असते ती उगाच नाही. वाटेवर बांबूच्या टोपल्या, सुपं, खेळणी विकणाऱ्या बायका बसतात. भाव फार पाडू नका, एक सूप विणायला अर्धा दिवस जातो. वनस्पती उद्यान 24 हेक्टरांचं आहे, तिकीट नाममात्र, आणि म्हाताऱ्या माणसांना चालायला जंगलापेक्षा सोयीचं.

जेवणासाठी महामार्गावरची पंजाबी थाळी सोडा. वांसदा-डांग पट्ट्यात बायकांचे बचत गट ‘नाहरी’ नावाने जेवणाची केंद्रं चालवतात. तिथे शे-दीडशेत नागलीची जाड, कडेला चिरलेली भाकरी, उडदाचं घट्ट वरण, बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारी चटणी मिळते. उडदाचं वरण आणि भाकरी म्हणजे खानदेशातल्या माणसाला माहेरचं जेवण. बोलायचीही अडचण नाही. डांगी बोली अहिराणीच्या कानाला परकी वाटत नाही. 1960 च्या आधी डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा यावर वाद झाला तो याच बोलीवरून. घरून दशम्या आणि ठेचा नेणार असाल तर कचरा परत आणायला एक पिशवी न्या.

हातात हजारभर रोख असू द्या. आहव्याच्या पुढे रेंज गेली की यूपीआयही गेलं.

सापुताऱ्याहून पाच-सहा किलोमीटरवरचा हातगड किल्ला बघायचा असेल तर तो नाशिक जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो. गुजरातच्या टॅक्सीकडे परमिट नसेल तर हद्द ओलांडायचा कर भरावा लागतो, आणि तो कोण भरणार हे उधन्यातच ठरवा. हद्दीपलीकडून बाटली घेऊन परत येण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर त्यालाही आधीच उतरवा. गुजरातेत दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी तपासतात, आणि गाडीत सापडली की त्रास एकट्याला होत नाही, सगळ्या गाडीला होतो.