रानातला खेळ

१ मे २०२३ रोजी कोलंबियातील ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यात एक लहान विमान कोसळले. त्यातील तिन्ही प्रौढ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या; त्यांत मुलांची आईही होती. मागे राहिली चार भावंडे. थोरली १३ वर्षांची, धाकटे तान्हुले अवघ्या ११ महिन्यांचे.

ही मुले हुइतोतो या आदिवासी समाजातील होती. थोरलीने विमानातील कसाव्याचे पीठ सोबत घेतले. (आपला साबुदाणा याच कंदापासून होतो.) पीठ संपल्यावर तिने रानातील फळे व बिया वेचल्या. कोणते फळ विषारी, हे तिने घरच्या वडीलधाऱ्यांकडून जाणून घेतले होते. छोटी छोटी खोपटी उभारण्याचा खेळ ती भावंडांसह नेहमी खेळत असे, असे नातलगांनी पुढे सांगितले. विचार करा, त्या खेळाकडे तेव्हा कोणी शिक्षण म्हणून पाहिले असेल का? अरण्यात मात्र तिने फांद्यांचा निवारा उभारला आणि तो केसांच्या फितींनी बांधला.

सैनिक व आदिवासी स्वयंसेवक त्यांना शोधत होते. ‘एका जागी थांबा’ हा आजीचा निरोप हेलिकॉप्टरमधून हुइतोतो भाषेत ऐकवला जाई. अखेर ९ जूनला, चाळिसाव्या दिवशी, चौघेही जिवंत सापडली.